वाचकांचे प्रश्न : मीटर सात व्होल्ट दाखवतो, मग पंप का चालत नाही?

तालुका आणि जिल्हा पातळीवरील विज्ञान प्रदर्शनांचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या वेळी सौर पॅनेलविषयीची पत्रे इतकी आहेत की, संपूर्ण सदर त्यांनाच देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातली अडचण बहुतेक शाळांत येते आणि तिची उकल झाली की पुढचे अनेक प्रश्न सोपे होतात.

प्रश्न : आम्ही आठवीत शिकणाऱ्या तिघी मैत्रिणी आहोत. सौर पंपावर चालणाऱ्या ठिबक सिंचनाचे मॉडेल आम्ही केले आहे. पॅनेलच्या मागे ‘६ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर’ असे छापलेले आहे आणि मल्टीमीटर लावला की खिडकीजवळसुद्धा साडेसहा ते सात व्होल्ट दिसतात. तरीही पाण्यात बुडणारी छोटी मोटर पॅनेलला जोडली तर ती हलतही नाही. तीच मोटर दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे फक्त तीन व्होल्टवर, जोरात चालते. आमचे पॅनेल खराब आहे का? आमचे प्रदर्शन सभागृहात आहे, तिथे काय करावे? (तीन विद्यार्थिनी, जिल्हा सातारा)

उत्तर : तुमचे पॅनेल बहुधा अगदी चांगले आहे. तुम्ही विभवांतर मोजले, विद्युतधारा मात्र मोजली नाही, आणि मोटर फिरायला दोन्ही लागतात. तुमच्याच मॉडेलमधले उदाहरण घ्या. टाकी कितीही उंचावर ठेवली आणि नळीत पाण्याचा दाब कितीही असला, तरी ठिबकच्या तोटीतून थेंबच पडणार, त्या तोटीकडून पाटभर पाणी मागता येणार नाही. मल्टीमीटरने तुम्ही दाब पाहिला. मोटर मात्र पाटभर पाणी मागते आहे.

असे का होते हे समजण्यासाठी पॅनेलच्या आत डोकावावे लागेल. पॅनेलकडे नीट पाहिले तर त्यावर एकमेकांपासून बारीक रेषांनी वेगळ्या झालेल्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टी म्हणजे सिलिकॉनचा एक स्वतंत्र सौर घट असतो आणि हे सगळे घट एकसर जोडणीत असतात. घट लहान असो वा मोठा, चांगल्या उजेडात त्याच्या दोन टोकांमध्ये जेमतेम अर्धा ते पाऊण व्होल्टच्या दरम्यान विभवांतर मिळते, कारण ते सिलिकॉनच्या स्वतःच्या गुणधर्मावर ठरते. सहा व्होल्टच्या पॅनेलमध्ये साधारण बारा घट असतात ते याचमुळे. विद्युतधारेची गोष्ट वेगळी आहे. प्रकाशाचा एक कण सिलिकॉनमधून जास्तीत जास्त एक इलेक्ट्रॉन मोकळा करून प्रवाहात आणू शकतो, म्हणून जितके कण येतील तितकीच धारा मिळते. भर उन्हात एका चौरस सेंटिमीटरमधून सुमारे ३० मिलिअँपिअर धारा मिळते. एकसर जोडणीत विभवांतरांची बेरीज होते, धारेची होत नाही, त्यामुळे बारा घट जोडूनही धारा एका घटाएवढीच राहते.

यातूनच खिडकीजवळच्या सात व्होल्टचे कोडे सुटते. उजेड एक दशांश झाला की धाराही जवळजवळ एक दशांश होते, परंतु विभवांतर प्रत्येक घटामागे व्होल्टच्या सहा-सात शतांशांनीच घटते. बारा घटांचे मिळून ते एका व्होल्टपेक्षाही कमी होते. मीटर स्वतः जवळजवळ काहीच धारा घेत नसल्यामुळे त्याला ही उणीव जाणवत नाही आणि तो सात व्होल्ट दाखवत राहतो.

आता मोटर. थांबलेल्या मोटरच्या गुंडाळीचा रोध फार कमी, समजा पाच ओहम असतो. तिला हलवायला सुरुवातीला जास्तीची धारा लागते आणि पेन्सिल सेल ती क्षणभर सहज देऊ शकतात. तुमचे पॅनेल भर उन्हातही १०० मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ शकत नाही. पाच ओहममधून इतकी धारा गेली तर ओहमच्या नियमाप्रमाणे मोटरच्या दोन टोकांमध्ये अर्धा व्होल्टच उरतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोटर जोडलेली असतानाच तिच्या दोन टोकांना मीटर लावून पाहा. सात व्होल्टचे अर्धा व्होल्ट झालेले डोळ्यांनी दिसेल, आणि तेच तुमच्या प्रकल्पातले सर्वांत मौल्यवान निरीक्षण ठरेल.

उपाय असा करावा. प्रथम भर दुपारी पॅनेल सूर्याकडे तोंड करून धरा आणि मीटर धारा मोजण्याच्या जागी लावून पॅनेलची दोन टोके थेट त्यालाच जोडा. एवढ्या छोट्या पॅनेलला यामुळे इजा होत नाही. (हाच प्रयोग बॅटरीवर किंवा घरातल्या विजेवर कधीही करायचा नाही, हे तिघींनी वहीत ठळक लिहून ठेवा.) मिळालेला आकडा १०० च्या आसपास असेल तर पॅनेल निर्दोष आहे. मग तशीच तीन किंवा चार पॅनेल समांतर जोडणीत जोडा, म्हणजे सर्वांची धन टोके एकत्र आणि ऋण टोके एकत्र, किंवा त्याऐवजी ६ व्होल्ट ३ वॅटचे एकच पॅनेल घ्या. त्यातून ५०० मिलिअँपिअरपर्यंत धारा मिळू शकते आणि अशा मोटरला ती सहसा पुरते.

सभागृहाची अडचण यापेक्षा मोठी आहे. दुपारच्या उन्हाची प्रदीप्ती, म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे प्रमाण, सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असते, तर चांगल्या उजेडाच्या वर्गात ती तीनशे ते पाचशे लक्स असते. म्हणजे सभागृहात तुमच्या पॅनेलमधून अर्धा मिलिअँपिअरसुद्धा मिळणार नाही. त्यातही एलईडीच्या दिव्यांत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतो आणि सिलिकॉनला तो चांगला उपयोगी पडतो. जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा तारेचा बल्ब वीतभर अंतरावर धरला तर थोडी धारा मिळते, पण पंप त्यावर चालेल अशी आशा धरू नये. पॅनेल आवारात उन्हात ठेवून लांब, जाड वायरने आत जोडणी आणता येते. तशी सोय नसेल तर मॉडेल आत ठेवा आणि परीक्षकांना दोन मिनिटे बाहेर येण्याची विनंती करा. एका प्रदर्शनात मुलांनी पुठ्ठ्याच्या तळाशी लपवलेल्या बॅटरीवर ‘सौर’ पंप चालवलेला मी पाहिला आहे. विचारल्यावर त्या मुलांचे उतरलेले चेहरे अजून आठवतात. दोष मुलांचा कमी आणि ‘मॉडेल चालले पाहिजे’ हे त्यांच्या मनावर बिंबवणाऱ्या मोठ्यांचा जास्त होता. न चालणारा पंप आणि तो का चालत नाही हे सांगणारा तक्ता तुम्ही मांडलात, तरी मी त्याला अधिक गुण देईन.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट तयार केला. २५ एप्रिल १९५४ रोजी तो लोकांपुढे मांडताना त्यावर खेळण्यातला एक छोटा आकाशपाळणा फिरवून दाखवला होता. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्क्यांचीच वीज तेव्हा होत असे, आज छपरावरच्या चांगल्या पॅनेलमध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे.

प्रश्न : दरवर्षी विद्यार्थी पॅनेल लावलेले घर, पॅनेल लावलेला पथदिवा अशी तीच ती मॉडेल्स करतात आणि परीक्षक ‘यात नवीन काय?’ असे विचारतात. माध्यमिक शाळेत कमी खर्चात होईल आणि ज्यातून खरोखर काही शोधता येईल, असा प्रकल्प सुचवाल का? (विज्ञान शिक्षक, जिल्हा नाशिक)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि तिचे मूळ माझ्या मते ‘मॉडेल’ या शब्दातच आहे. पुठ्ठ्याचे घर बांधण्यात आठवडा जातो आणि पॅनेलला प्रश्न विचारायला वेळच उरत नाही. ६ व्होल्टचे छोटे पॅनेल, एक मल्टीमीटर, काही रोधक आणि कागदाची एक पट्टी एवढ्या साहित्यावर होणारे प्रयोग पुढे देतो.

मला सर्वांत आवडणारा प्रयोग सावलीचा आहे. पॅनेलच्या एका घटाएवढ्या रुंदीची जाड कागदाची पट्टी कापावी. ती पॅनेलवर प्रथम अशी ठेवावी की प्रत्येक घटाचा थोडा थोडा भाग झाकला जाईल, आणि धारा मोजावी. झाकलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणातच, म्हणजे बारा घटांच्या पॅनेलमध्ये साधारण आठ टक्क्यांनी, धारा कमी झालेली दिसेल. मग तीच पट्टी वळवून एकच घट पूर्ण झाकावा. झाकलेले क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच असूनही या वेळी धारा एकदम कोसळते, कारण एकसर जोडणीत सर्वांना त्या एका अंधारातल्या घटातून वाट काढावी लागते. विद्यार्थ्यांना उत्तर आधी सांगू नये, अंदाज लिहून घ्यावा आणि मग पट्टी फिरवावी. छपरावरच्या मोठ्या पॅनेलमध्ये याच कारणासाठी घटांचे गट करून प्रत्येक गटाला वळणरस्ता देणारा डायोड (धारा एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) बसवतात, आणि टाकीची किंवा विजेच्या खांबाची सावली पॅनेलवर पडू नये म्हणून जागा निवडताना एवढी काळजी घेतात. झाकलेला घट तापत असल्यामुळे पट्टी मिनिटभरापेक्षा जास्त वेळ ठेवू नये.

दुसरा प्रयोग तापमानाचा. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि सौरचुलीमुळे तो आणखी पक्का होतो. सौरचूल उष्णतेवर चालते, पॅनेल प्रकाशावर. उष्णता पॅनेलचे नुकसानच करते. सिलिकॉनचा घट एक अंश सेल्सिअसने तापला की त्याचे विभवांतर सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते. बारा घटांचे पॅनेल २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापले तर जवळजवळ पाऊण व्होल्टचा फरक पडतो आणि साध्या मल्टीमीटरवर तो सहज दिसतो. पॅनेल अर्धा तास उन्हात तापवून वाचन घ्यावे, मग मागच्या बाजूने ओले फडके लावून दर मिनिटाला घेत जावे. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनेलची शक्ती का घसरते, याचा आलेख मुले स्वतः काढतील.

तिसरा प्रयोग थोडा मोठ्या मुलांसाठी आहे. ६ व्होल्ट १०० मिलिअँपिअरच्या पॅनेलला २२, ३३, ४७, ५६, ६८, १०० आणि २२० ओहमचे रोधक एकामागून एक जोडून प्रत्येक वेळी रोधकावरील विभवांतर मोजावे. त्याच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते. रोधक तापतात, म्हणून ते एक-दोन वॅटचे घ्यावेत. भर उन्हात २२ ओहमला साधारण पाव वॅट आणि २२० ओहमलाही तेवढीच शक्ती मिळेल, परंतु ६० ओहमच्या आसपास ती अर्ध्या वॅटच्या वर जाईल. हे शिखर उजेडाबरोबर सरकत राहते. शेतावरच्या सौर पंपाशेजारी जी नियंत्रकाची पेटी असते, ती दिवसभर हेच शिखर शोधत असते. सौर कृषी पंप बसवलेले शेतकरी आता गावोगावी आहेत. मुलांनी अशा एखाद्या शेतावर जाऊन ढग आल्यावर पाण्याची धार कशी बदलते ते पाहावे आणि मग आपला आलेख पाहावा.

कोनाचा प्रयोग पुष्कळ ठिकाणी होतो, त्याविषयी थोडक्यात. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश आहे. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी तिथला सूर्य डोक्यापासून ४२ अंश दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे आडव्या ठेवलेल्या पॅनेलला थेट उन्हाचा तीन चतुर्थांश भागच मिळतो. मेच्या मध्याच्या सुमारास शून्य सावली दिवशी मात्र आडवेच पॅनेल दुपारी सर्वांत चांगले ठरते. वर्षभरासाठी एकच कोन ठेवायचा तर दक्षिणेकडे तोंड करून अक्षांशाएवढा तिरका, असा ठोकताळा आहे.

या सर्व प्रयोगांत एकच गोष्ट घात करते, ती म्हणजे ऊन स्वतः बदलत असते. एखादा विरळ ढग गेला तरी आकडे फसवे होतात. म्हणून तसेच दुसरे पॅनेल शेजारी ठेवावे आणि त्याला काहीही करू नये. प्रत्येक वाचनाबरोबर या साक्षीदार पॅनेलचेही वाचन घ्यावे आणि दोन्हींचे गुणोत्तर काढावे. शाळेच्या प्रकल्पात एवढी खबरदारी दिसली की परीक्षक ‘नवीन काय?’ असे विचारत नाहीत, निदान त्यांनी विचारू नये. इन्स्पायर–मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात. तिथेही चकचकीत मॉडेलपेक्षा गावातल्या एखाद्या नेमक्या अडचणीला हात घालणारी कल्पना पाठवावी, असा माझा आग्रह राहील.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. जुन्या मोबाइलची बॅटरी पॅनेलला जोडून रात्री अभ्यासाचा दिवा लावायचा, असा त्याचा प्रकल्प आहे. यात काही धोका आहे का? (पालक, नागपूर)

उत्तर : होय, धोका आहे आणि तो किरकोळ नाही. मोबाइलमधली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्टच्या पुढे चार्ज झाली, किंवा फुगलेली अथवा टोचलेली असली, तर ती पेट घेऊ शकते. पॅनेल तिला सहा-सात व्होल्टपर्यंत रेटू शकते. मुलाचा उत्साह मोडू नका, फक्त बॅटरी बदला. पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे तीन पेन्सिल सेल एकसर जोडले की ३.६ व्होल्ट मिळतात. पॅनेलचे धन टोक आणि सेलचे धन टोक यांच्यामध्ये एक डायोड लावावा, त्याची चंदेरी पट्टी सेलच्या बाजूला यावी, म्हणजे रात्री सेलमधली वीज उलटी पॅनेलमध्ये जाणार नाही. पांढऱ्या एलईडी थेट न जोडता प्रत्येकीला २७ ओहमचा रोधक द्यावा.

हिशोब मुलाकडूनच करून घ्या. पॅनेल दिवसातले पाच तास सरासरी ८० मिलिअँपिअर धारा देत असेल तर ४०० मिलिअँपिअर-तास होतात. त्यातला पाव भाग वाया गेला असे धरले तर ३०० उरतात, आणि प्रत्येकी २० मिलिअँपिअर घेणाऱ्या तीन एलईडी त्यावर पाच तास चालतात. सातवीच्या मुलाला हे सहज जमेल. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आयआयटी मुंबईच्या उपक्रमात हजारो विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी सौर दिवे जोडले होते. जोडणी प्रथम मोठ्या माणसासमोर करावी, एवढे मात्र पाळा.

प्रश्न : पॅनेल तयार करायला वीज लागते आणि ती वीज बरेचदा कोळशाची असते. काही वर्षांनी पॅनेलचा कचराही होतो. मग सौर ऊर्जेला अक्षय का म्हणायचे? वक्तृत्व स्पर्धेत मला हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर देता आले नाही. (इयत्ता दहावी, कोल्हापूर)

उत्तर : प्रश्न उत्तम आहे, आणि तुला उत्तर आले नाही यात कमीपणा मानू नकोस. ‘अक्षय’ हे विशेषण उन्हाला लागू आहे. आज वापरलेल्या उन्हामुळे उद्याचे ऊन कमी होत नाही, हा त्याचा अर्थ. पॅनेल ही वस्तू आहे आणि ती झिजतेच. दरवर्षी तिची क्षमता साधारण अर्धा ते एक टक्क्याने उतरते. सिलिकॉन शुद्ध करण्यासाठी प्रचंड उष्णता लागते हे खरे आहे, परंतु आपल्यासारख्या भरपूर उन्हाच्या प्रदेशात त्या सगळ्या खर्चाएवढी ऊर्जा पॅनेल साधारण एक-दोन वर्षांत परत देते आणि त्यानंतर वीसहून अधिक वर्षे काम करत राहते. कोळशाच्या केंद्राला असे म्हणता येत नाही, कारण तिथे प्रत्येक युनिटसाठी नवा कोळसा जाळावाच लागतो. कचऱ्याचा मुद्दा मात्र मान्य करायला हवा. ई-कचऱ्याविषयीच्या २०२२ च्या नियमांत भारत सरकारने सौर पॅनेलचाही समावेश केला, त्याअर्थी प्रश्न खरा आहे. पुढच्या वेळी हे दोन्ही भाग सांग. अडचण मान्य करणारा वक्ता श्रोत्यांना अधिक पटतो.

प्रश्न : आमच्या पाच खोल्यांच्या शाळेवर सौर पॅनेल बसवण्याचा विचार ग्रामपंचायत करत आहे. त्यात विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून काय करता येईल? किती किलोवॅट लागतील? (मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा)

उत्तर : किती किलोवॅट, हा आकडा मुलांनाच काढू द्यावा. पाच तास चालणारे ७५ वॅटचे आठ पंखे रोज तीन युनिट घेतात, चार तास चालणाऱ्या २० वॅटच्या बारा ट्यूब जवळजवळ एक युनिट, आणि संगणक धरले तर एकूण पाच युनिटच्या आसपास गरज निघेल. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे रोज सरासरी चार युनिट देते आणि त्याला सुमारे शंभर चौरस फूट सावलीरहित जागा लागते. म्हणजे सव्वा ते दीड किलोवॅट हवे, असे उत्तर येईल. परंतु इथेच मुलांना विचारा की, जुने पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी पंखे (कमी वीज घेणाऱ्या मोटरचे) लावले तर काय होईल? तीन युनिटचे सव्वा युनिट होते आणि एक किलोवॅटही पुरून उरते. पॅनेलच्या आधी पंखे बदलावेत, हा निष्कर्ष मुलांनी ग्रामसभेत मांडला तर त्याहून चांगला प्रकल्प मला सुचवता येणार नाही.

आणखी एक बाब ठरावापूर्वीच पाहावी. वर्षातले सर्वांत चांगले ऊन एप्रिल-मेमध्ये असते आणि नेमका त्यातला बराच काळ शाळा बंद असते. नेटमीटर असेल तर ती वीज वीजवाहिनीत जाऊन बिलातून वजा होते, फक्त बॅटरीवरची व्यवस्था असेल तर ती वाया जाते. शक्य झाल्यास पाटण तालुक्यातील मान्याचीवाडीला मुलांची सहल न्यावी, २०२४ मध्ये ते राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. मीटरचे वाचन मात्र पॅनेल येण्याची वाट न पाहता याच आठवड्यापासून रोज एकाच वेळी एका वहीत लिहायला सुरुवात करावी, कारण आधीचे आकडे नसतील तर पॅनेलमुळे काय बदलले हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही.